चिंतामणी दाखवणारा कॅमेरा

"पाच मेगापिक्सेल," माळवदे म्हणाले आणि त्यांनी साबणाच्या वडीएवढा तो चंदेरी कॅमेरा काउंटरवर ठेवला.

अप्पांनी तो उचलला, उलटा केला, अंगठ्याने चोळून पाहिला आणि विचारलं, "रंग पक्का आहे का?"

"कशाचा? कॅमेऱ्याचा?"

"कॅमेऱ्याचा कशाला? फोटोचा."

मी छताच्या पंख्याकडे बघत ओठ दाबून धरले. अप्पा म्हणजे माझे वडील. बार्शीत तीस वर्षं साड्या विकल्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल ते हा एकच प्रश्न विचारत. फ्रीज घेताना विचारला होता. माझ्या मोठ्या बहिणीचं, वृषालीताईचं, लग्न ठरवताना मुलाच्या वडिलांनाही त्यांनी फिरवून फिरवून हेच विचारलं होतं.

माळवदे शांत माणूस. पक्का आहे, म्हणाले. वर असंही सांगितलं की यात रोल लागत नाही, फोटो लगेच मागच्या काचेवर दिसतो आणि नाही आवडला तर पुसून टाकता येतो.

"पुसता येतो?" इतका वेळ मागे उभी असलेली नलूआत्या पहिल्यांदाच बोलली. "बरी सोय झाली. आमच्या वेळी नव्हती ती."

माळवद्यांनी मान खाली घातली. अप्पा एकाएकी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आणि मला वाटत होतं की या दुकानात काय चाललंय ते सगळं मला कळतंय.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. नऊ दिवसांनी वृषालीताईचं डोहाळजेवण होतं आणि त्याआधी घरात डिजिटल कॅमेरा आला पाहिजे, असा हट्ट मी धरला होता. फार महागातला नको होता. दुकानदाराच्या घरात परवडेल असा, साधा, पण आपला. ताईच्या लग्नातला फोटोग्राफर भाड्याचा होता आणि त्याच्या तीन अल्बममध्ये मिळून नलूआत्या दोनदा होती. एकदा तिचं कोपर, एकदा तिची पाठ.

आत्या फोटोला उभी राहत नसे. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कोणी नसे. आत्या सावळी. चांगली ठसठशीत सावळी, उंच, मोठ्या डोळ्यांची. ती बावीस वर्षांची असताना तिचा एक फोटो लातूरच्या स्थळाला पाठवला होता. तिकडच्या मंडळींना मुलगी पसंत पडली, सात-आठजण गाडी करून बघायला आले. आत्या चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मुलाच्या आईने विचारलं, फोटोतली मुलगी कुठाय? फोटोत आत्या गोरीपान होती. याच माळवद्यांच्या स्टुडिओत तिला उजळ करून टाकलं होतं. पाहुणे पोहे न खाताच उठले. त्यानंतर आत्याने ना दुसरं स्थळ येऊ दिलं ना फोटो काढू दिला. पुढे माझी आई गेली, तेव्हा मी चार वर्षांची होते. मला आणि ताईला आत्यानेच वाढवलं. वेण्या तिने घातल्या, तापात उशाशी ती बसली, परीक्षेला सोडायलाही तीच आली.

मला आई आठवत नाही. तिचे अकरा फोटो मात्र पाठ आहेत. जिने वाढवलं तिचा घरात एकही फोटो नाही, ही गोष्ट मला त्या वर्षी फार लागायला लागली होती. उद्या ताईची मुलं, माझी मुलं विचारतील, तर मी काय कोपर दाखवू? म्हणून मी मनाशी ठरवलं होतं: डोहाळजेवणाच्या फोटोत आत्या आली पाहिजे. कॅमेरा फक्त निमित्त होता.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खरा रंग दाखवणारा कॅमेरा आण, बसते."

हे ऐकून मी घरभर नाचले. मग ती म्हणाली की कॅमेरा बघायला ती स्वतः येणार, आणि माळवद्यांच्याच दुकानात जायचं. त्यावर अप्पा गडबडले. सोलापूरला स्वस्त मिळतो म्हणाले. पुण्याहून जावईच आणतील म्हणाले. मग म्हणाले, हल्ली म्हणे मोबाइलमध्येही कॅमेरा येतो. आत्या काही ऐकेना.

तर असे आम्ही तिघं त्या दिवशी माळवद्यांच्या काउंटरशी उभे होतो. आणि ज्या गिऱ्हाइकांना घरात घातलेल्या शिव्या मी जन्मभर ऐकल्या होत्या, तसं गिऱ्हाईक आम्ही अर्ध्या तासात झालो. अप्पांना पहिली दाखवलेली वस्तू घ्यायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी कपाटातले सगळे कॅमेरे उतरवायला लावले. एकूण पाच होते. पाच बघून अप्पांचं समाधान होईना. "यातच जरा गर्द दाखवा," असं ते दोनदा म्हणून गेले. काळ्या कॅमेऱ्याचं कव्हर फुकट मिळतं का, याची चौकशी झाली. माळवदे मेगापिक्सेल, झूम, मेमरी कार्ड असं धीराने सांगत होते आणि अप्पा मान डोलवत होते. दुकानात एखादी बाई पदराच्या नक्षीबद्दल अप्पांना काही चुकीचं सांगायची, तेव्हा ते अशीच मान डोलवायचे.

आत्याने मात्र पिशवीतून एक घडी काढली आणि काउंटरवर ठेवली. जुनी चिंतामणी रंगाची साडी, पिवळ्या काठाची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: चिंतामणी निळा म्हणावा तर निळा नसतो, जांभळा म्हणावा तर जांभळाही नसतो. खरा चिंतामणी ओळखणारी माणसं बार्शीत तेव्हा दोन होती. त्यातली एक नलूआत्या आणि दुसरे अप्पा. अप्पाही खात्री करायची झाली की आत्याला हाक मारत.

"हिचा फोटो काढा," आत्या म्हणाली.

माळवद्यांनी काढला. काचेवर साडी चक्क निळी दिसली. दुसऱ्या कॅमेऱ्यात आणखी निळी, तिसऱ्यात शाळेच्या गणवेशासारखी. आत्याने पाचही काचा बघितल्या आणि साडी पिशवीत ठेवली.

"यातला एकही खरं बोलत नाही," ती म्हणाली आणि बाहेर पडली. माळवदे तिच्याकडे बघतच राहिले. अप्पा मात्र सुटल्यासारखे भराभर चालत तिच्या पुढे निघून गेले.

दुसऱ्या खेपेला तिसऱ्या दिवशी गेलो. एव्हाना माळवद्यांनी सोलापूरहून आणखी दोन कॅमेरे मागवून ठेवले होते, आणि कुठलं कुठलं बटण फिरवून ट्यूबलाइटचा परिणाम घालवायची युक्ती शोधली होती. पण आत्याही तयारीने आली होती. या वेळी पिशवीत चिंतामणीसोबत अंजिरी, आमसुली, डाळिंबी आणि शेवाळी अशा आणखी चार साड्या होत्या. पंधरा-वीस फोटो झाले. अंजिरी पास झाली. शेवाळीचे एका कॅमेऱ्याला पूर्ण मार्क मिळाले. चिंतामणी नापास.

"दिव्याखाली काय कळणार?" अप्पा बोलून गेले. "रंग बघायचा तर उन्हात न्यावं लागतं."

दुकानात रोज पन्नास वेळा उच्चारायचं हे वाक्य सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, आणि निघाल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. का पडला, ते मला कळलं नाही. आत्या म्हणाली, बरोबर आहे, रविवारी दुपारी येऊ, ऊन चांगलं असतं. डोहाळजेवण मंगळवारी होतं.

रविवारी आम्ही माळवद्यांच्या दुकानाच्या पायऱ्यांवर साड्या मांडल्या. सात साड्या, सात कॅमेरे. माळवदे पायजमा सावरत उन्हात उकिडवे बसून फोटो काढत होते, मी काचेवर सावली धरत होते, आत्या निकाल देत होती. आणि रविवारचा बाजार करून परतणाऱ्या बायका थांबायला लागल्या.

पहिलीने विचारलं, ही अंजिरी केवढ्याला. अप्पा म्हणाले, विकायची नाही, कॅमेरा बघतोय. तिला ते पटलं नाही. दुसरीने शेवाळीचा पदर उलगडला. तिसरीने हाताने पोत बघितला आणि पोत बघणाऱ्या गिऱ्हाइकासमोर गप्प बसणं अप्पांना या जन्मी शक्य नव्हतं. पाच मिनिटांत ते पायरीवर मांडी घालून बसले होते, एक साडी खांद्यावर, एक हातावर, आणि डाळिंबी रंग गव्हाळ अंगाला कसा खुलतो ते सांगत होते. गर्दी एवढी झाली की एका सायकलवाल्याला उतरावं लागलं. आमसुली खरोखर विकली गेली. कॅमेऱ्याच्या दुकानासमोर साडी विकणारा माणूस बार्शीने त्याआधी पाहिला नव्हता, आणि मी हसून हसून पायरीच्या कठड्याला टेकले.

इकडे माळवद्यांनी सातव्या कॅमेऱ्यावर चिंतामणीचा फोटो काढला. आत्याने पदराचा आडोसा करून काच बघितली.

"निळी," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "तुमच्या दुकानाची रीतच आहे ती. तेवीस वर्षांपूर्वी मला गोरी केलंत, आज साडीला निळी करताय. ही साडी ओळखलीत का? हीच नेसून बसले होते मी तुमच्या त्या स्टुलावर."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. ती साडी तीच होती, हे मला तोवर माहीत नव्हतं.

माळवदे हळूहळू उभे राहिले. "ओळखली," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी. ताई, तेव्हा दुकान वडिलांचं होतं, मी डार्करूममध्ये काम करायचो. फोटो उजळ करायचा का नाही, हे आम्ही ठरवत नसतो. गिऱ्हाईक सांगतं."

"मी सांगितलं नव्हतं."

"नाही. तुम्ही नव्हतं सांगितलं."

आणि ते कॅमेऱ्याची दोरी मनगटाभोवती गुंडाळू लागले. बायकांनी भाव विचारणं थांबवलं होतं. अशा वेळी बायकांना कसं कळतं कुणास ठाऊक. अप्पा डाळिंबी साडी हातावर घेऊन तसेच बसले होते. ती साडी त्यांनी नीट घडी घालून बाजूला ठेवली.

"मी सांगितलं होतं, नलू," ते म्हणाले.

आत्या वळली.

"त्याआधी तीन स्थळांनी नुसता फोटो बघून नाही म्हटलं होतं. तुला सांगितलं नव्हतं मी. मला वाटलं, एकदा घरात आले की तुला बघतील, तुझं बोलणं ऐकतील, मग रंगाकडं कोण बघतंय." अप्पांनी डाळिंबीची घडी पुन्हा एकदा सारखी केली. "दुकानात दिवसभर लोकांना सांगतो, उन्हात नेऊन बघा, मग घ्या. आणि आपल्याच बहिणीला उन्हात न्यायला घाबरलो."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मला अप्पांचा राग आला, त्याच क्षणी त्यांची कीव आली, आणि आत्या आता काय करते याची भीतीही वाटली.

"तेवीस वर्षं," ती शेवटी म्हणाली. "तेवीस वर्षं मी या दुकानावरून जाताना रस्त्याची बाजू बदलली." मग माळवद्यांकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही का नाही बोललात?"

"गिऱ्हाइकाची गोष्ट," माळवदे पुटपुटले. "आणि... अप्पा दर दिवाळीला साडी पाठवायचे. आधी आईला, मग आमच्या हिला."

"दर दिवाळीला?"

"एकही चुकवली नाही. रंग फार छान असायचे."

आत्याच्या कपाळावर आठी पडली. ती अप्पांकडे बघून सावकाश म्हणाली, "ती उस्मानाबादच्या जुन्या गिऱ्हाइकासाठी म्हणायचास ती साडी? दर दिवाळीला माझ्याकडून निवडून घ्यायचास, ती?"

अप्पांनी मान डोलवली.

"म्हणजे माझं तोंड बंद ठेवायच्या साड्या मीच निवडून देत होते?" माळवद्यांनी दुरुस्त केलं, "तुमचं नाही, माझं तोंड, ताई." "तेच ते," आत्या म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम सुटला. आधी नाकातून एक फुसका आवाज आला. मग ती पायरीवर बसली, पदर तोंडाला लावला आणि खदाखदा हसायला लागली. एवढी हसली की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यातलं किती हसण्याचं होतं ते तिचं तिलाच माहीत. माळवदेही हसले. अप्पा हसावं की नाही अशा अवस्थेत दोघांकडे बघत होते.

"मग ही डाळिंबी देताय का नाही?" गर्दीतल्या बाईने विचारलं.

"द्या हो तिला," आत्या डोळे पुसत म्हणाली. "आणि दादा, भाव कमी कर. आज तुला बोलायला तोंड नाही." मग तिने ती जुनी चिंतामणी उचलली, खांद्यावरून पुढे घेतली, पाठ ताठ केली आणि माळवद्यांना म्हणाली, "काढा. जशी आहे तशी."

माळवद्यांनी तो पहिला, साबणाच्या वडीएवढा चंदेरी कॅमेरा घेतला. त्यांनी एकदा कॅमेरा खाली घेतला, भिंग सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा वर धरला. खटका दाबला. आम्ही सगळे, बाजारातल्या बायकांसकट, त्या इवल्याशा काचेवर वाकलो.

आत्याने बराच वेळ बघितलं.

"साडी निळीच आली," ती म्हणाली. "पण मी बरोबर आले." आणि मग हळूच, कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाली, "बरी दिसते की."

"हाच कॅमेरा बांधा," अप्पा म्हणाले.

पुसायचं बटण कुठलं हे माळवदे दाखवायला लागले, तेव्हा आत्याने त्यांना थांबवलं. ते नाही शिकवलं तरी चालेल म्हणाली.

मंगळवारी डोहाळजेवणात मी दोनशे चौदा फोटो काढले. पुढे वृषालीताई वर्षभर कुरकुरत होती की डोहाळे नक्की कुणाचे होते, कारण त्यातल्या दीडशे फोटोंत आत्या होती. झोपाळ्यावर ताईच्या शेजारी आत्या, ताटाभोवती रांगोळी काढताना आत्या, ओटीचे तांदूळ भरताना आत्या. तिला कॅमेऱ्याची अशी काही चटक लागली की स्वयंपाकघरातून ती मला हाक मारायची, "उल्के, लाडू वळतेय, ये." फुलांचा मुकुट ताईसाठी होता. तोसुद्धा एका फोटोत आत्याच्या डोक्यावर आहे. आत्या ती चिंतामणीच नेसली होती आणि सगळ्या फोटोंत साडी ठार निळी आहे. त्याचं तिला काही वाटलं नाही.

माळवद्यांना आम्ही आवर्जून बोलावलं होतं. ते सपत्नीक आले. त्यांच्या मंडळींनी नेसलेली अबोली साडी बघून आत्याने अप्पांकडे असं काही बघितलं की अप्पा पाण्याचा तांब्या भरायला आत निघून गेले. पंगत उठल्यावर माळवद्यांनी एक खाकी पाकीट आत्याच्या हातात दिलं. पाकिटावर निळ्या शाईत जुना नंबर होता आणि साल होतं.

"निगेटिव्ह आम्ही कधी टाकत नाही," ते म्हणाले. "माळ्यावर सगळी आहेत. प्रिंट काढताना उजेड कमी दिला की चेहरा गोरा येतो, तेवढंच मी तेव्हा केलं होतं. निगेटिव्हला कुणी हात लावला नव्हता. परवा रात्री डार्करूम झाडून साफ केली. उजेड पुरेसा दिला."

फोटो काळा-पांढरा होता. स्टुलावर बसलेली बावीस वर्षांची मुलगी, ताठ मान, मोठे डोळे, सावळा, तुकतुकीत चेहरा. ओठ मिटलेले, पण कुठल्याही क्षणी काहीतरी बोलेल असे. मी इतकी सुंदर मुलगी आमच्या घराण्यात पाहिली नव्हती. मी ते तसं म्हटलंही, आणि मला रडू आलं.

आत्याने फोटो हातभर लांब धरला, जवळ घेतला. मग अप्पांना हाक मारली. अप्पा तांब्या घेऊन बाहेर आले. तिने तांब्या काढून घेतला आणि त्यांच्या हातात फोटो ठेवला.

"बघ दादा," ती म्हणाली. "काय वाईट होतं रे यात?"

अप्पांनी बघितलं. फोटो दोन्ही हातांत धरून ते बैठकीतून निघाले, उंबरा ओलांडला, अंगणात गेले आणि भर उन्हात आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. एक मिनिट झालं, दोन झाली. त्यांचे खांदे हलत होते. मी दारातून विचारलं, अप्पा, काय बघताय?

"रंग बघतोय," त्यांनी मागे न वळता सांगितलं.

मी त्यांच्याकडे जायला निघाले, तर आत्याने मला दंडाला धरून थांबवलं. फुलांचा मुकुट अजून तिच्या डोक्यावर तिरका बसलेला होता.

"असू दे," ती म्हणाली. "नेलं एकदाचं त्यानं मला उन्हात."